नगरसेवक नव्हते, तेव्हा आपण स्क्रोल करत होतो

सेकंड शिफ्ट सुटली की चाकणहून मोशीला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दिवे बंद असतात, तरी उजेड असतो. चाळीस मोबाइलचा. त्यात माझाही एक. त्यामुळे हे लिहिणारी मी कुणापेक्षा शहाणी नाही.

'सोशल मीडियानं लोकशाही बुडवली' असं थोरले म्हणतात. 'सोशल मीडिया हीच लोकशाही' असं आपण म्हणतो. प्यू रिसर्च सेंटरनं २०२२ मध्ये १९ देशांत हाच प्रश्न विचारला. सोशल मीडिया लोकशाहीसाठी चांगला म्हणणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ५७ टक्के निघालं; अमेरिकेत मात्र ६४ टक्के लोक वाईट म्हणाले. ॲप तीच, उत्तरं वेगळी. माझ्या मते प्रश्न ॲपचा नाहीच. मोबाइलच्या बाहेर काय उरलंय, हा आहे.

आपल्याकडे काय उरलं होतं? पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालत राहिले आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नाही. पाणी तर नोव्हेंबर २०१९ पासूनच दिवसाआड.

आपण गप्प होतो का? छे! टँकरचे रील, खड्ड्यांचे मीम, आयुक्तांना टॅग. मीही टाकले. पण 'निवडणूक कधी?' हे एकदाही विचारलं नाही. राग रोज रात्री थोडा थोडा निघून जायचा. साठायचाच नाही.

सत्तेला हे नेमकं कळतं. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. तिचं समर्थन मी करत नाही. पण ९ ऑगस्टच्या बंदला खेड तालुक्यात इंटरनेट बंद केलं गेलं, कारण माणसं रस्त्यावर उतरणार होती. पुढे चार वर्षं नगरसेवक नव्हते, त्यापायी आपलं नेट बंद करायची गरज कुणालाच वाटली नाही.

जानेवारीत चार मतं द्यायची होती. उमेदवारांचे ड्रोनवाले रील मला पाठ होते. रोज पाणी कधी, हे मात्र मी एकालाही विचारलं नव्हतं.

आता १२८ नगरसेवक आहेत. तुमच्या प्रभागातल्या चौघांची नावं मोबाइल न बघता सांगा. मला परवापर्यंत येत नव्हती. आता वहीत लिहिलीत. रविवारी त्यांच्या दारात जाणार आहे. रील काढणार नाही.