माया आणि तरतूद : १८३२ च्या मुंबईतील कुत्र्यांचा दंगा आणि आजचा वाद

#थ्रेड #इतिहास

१/
आधुनिक मुंबईच्या इतिहासातील अगदी सुरुवातीच्या दंगलींपैकी एक भटक्या कुत्र्यांवरून झाली. साल १८३२. समाजमाध्यमांवर ही हकिकत अधूनमधून 'गमतीदार माहिती' म्हणून फिरत असते. त्या दंगलीनंतर दोन वर्षांनी जे घडले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. कुत्र्यांविषयीच्या आजच्या वादात उपयोगी पडेल असा भाग, माझ्या मते, तोच आहे. थ्रेड लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
आरंभ घरापासून करू. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावत असतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आणि काशीहून आणलेली गंगा तहानेने व्याकूळ झालेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ, या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरीही मराठीत कुणाला हीन लेखायचे झाले, तर 'कुत्रा' हाच शब्द ओठांवर येतो.

३/
ही विसंगती म्हणजे निव्वळ ढोंग आहे, असे मला वाटत नाही. संतांच्या कथा अंतःकरणाविषयी असतात. एकनाथांनी त्या गाढवाला पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी त्याला कोण पाजणार, हा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच प्रश्न विचारावा लागतो : दयेची तरतूद कोणी केली आणि तिचा खर्च कोणी उचलला?

४/
याचे एक विलक्षण उत्तर दहाव्या शतकातील शिलालेखात सापडते. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंगवंशीय मांडलिक दुसरा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत मनलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला. 'हवे ते माग' असे बूतुगाने म्हटल्यावर त्याने धन मागितले नाही, 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागून घेतली.

५/
पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि ते डुक्कर, दोघेही मेले. मनलेराने गावच्या शिवमंदिरासमोर तिच्या स्मरणार्थ शिळा उभारली. शिळेवर ती झुंज कोरलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिळेसाठी जमीन दान दिली गेली, आणि शिळेची पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला दोष लागेल, असेही लेखात नमूद केले गेले. ही शिळा आज बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे.

६/
मनलेराचे दुःख आज कुणाही श्वानप्रेमीला सहज कळेल. पण ते हजार वर्षांहून अधिक काळ टिकले, कारण त्याला जमिनीचे उत्पन्न आणि एका नेमलेल्या माणसाची जबाबदारी जोडलेली होती.

७/
आपल्याकडचे उदाहरण साताऱ्याचे. छत्रपती शाहू महाराजांचा 'खंड्या' नावाचा लाडका कुत्रा होता. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी परंपरागत कथा आहे. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी दाखवतात. (रायगडावरील वाघ्याविषयी प्रतिसादांत विचारणा होईलच. तो त्या स्मारकाच्या ऐतिहासिकतेचा स्वतंत्र वाद आहे. त्यावर वेगळा थ्रेड लागेल.)

८/
काळी काय किंवा खंड्या काय, दोघांनाही धनी होता. ज्या कुत्र्याला धनी नाही, त्याचे काय? या प्रश्नावरच १८३२ ची मुंबई पेटली.

९/
पार्श्वभूमी अशी. कंपनी सरकारच्या मुंबईत १८१३ पासून वर्षातील ठरावीक काळात भटकी कुत्री मारण्याची मुभा होती : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. १८३२ मध्ये उन्हाळ्यातील ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने कुत्रे मारणारे लोकांच्या आवारात शिरून तेथील कुत्रीही नेऊ लागले, अशी तक्रार होती.

१०/
पारशी समाजासाठी हा केवळ लळ्याचा विषय नव्हता. जरथुस्त्री परंपरेत कुत्र्याला फार मोठे स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा 'सगदीद' हा अंत्यविधीचाच भाग. ६ जून १८३२ रोजी कोट भागात जमावाने कुत्रे मारणाऱ्या पोलीस शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सैन्य बोलवावे लागले. धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या.

११/
येथे सरकारला सरसकट क्रूर ठरवणे सोपे आहे; मी ते करणार नाही. रेबीजची भीती खरी होती. लुई पाश्चरने माणसाला ही लस प्रथम टोचली ती १८८५ मध्ये, म्हणजे या दंगलीनंतर ५३ वर्षांनी. १८३२ मध्ये पिसाळलेले कुत्रे चावणे म्हणजे बहुधा यातनामय मृत्यूची वाट पाहणे होते. दोन्ही बाजूंना काहीतरी गमावण्याची भीती होती, म्हणूनच प्रश्न इतका चिघळला.

१२/
दंगलीनंतर अर्जविनंत्या झाल्या. त्यांत पारश्यांबरोबर हिंदू, जैन व्यापारीही होते. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा पर्याय पुढे आला. पण न्यायची कुठे? त्यांना पोसणार कोण? हकिकत येथे संपली असती, तर १८३२ चा दंगा खरोखरच एक गंमत म्हणून उरला असता.

१३/
१८३४ मध्ये जमशेटजी जिजिभाई, शेठ मोतीशहा आदी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वर परिसरातील तिची जागा आजही तेथेच आहे आणि चेंबूरच्या बाजूला तर एका भागाची ओळखच या संस्थेच्या नावाने आहे. तेथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कोठून आले ते ठाऊक असेल?

१४/
यातला अर्थव्यवहार पाहण्यासारखा आहे. पांजरापोळीचा खर्च केवळ मोठ्या देणग्यांवर सोडलेला नव्हता. कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपणहून 'लागा' बसवून घेतला. बाजारात व्यवहार झाला की त्यातला अल्पसा वाटा जनावरांकडे जाई. मन द्रवले तर पैसे द्यावेत, न द्रवले तर देऊ नयेत, असा प्रकार त्यात नव्हता.

१५/
पांजरापोळ म्हणजे स्वर्ग होता, असेही चित्र रंगवू नये. जनावर मारायचे नाही, पण त्याच्यावर उपचार करण्याइतके ज्ञान आणि मनुष्यबळ नाही, अशी अवस्था अनेक ठिकाणी होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखकांनी त्यावर बोचरी टीका केली आहे. ती टीका साम्राज्याच्या चष्म्यातून झाली हे खरे, पण तेवढ्याने ती सगळी खोटी ठरत नाही. पुढच्या पिढीने ही उणीव काही अंशी भरून काढली. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था निघाली. १८८० च्या दशकात दिनशा पेटिट यांच्या दानातून परळला पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले.

१६/
आता आजकडे येऊ. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात. त्या दोन आठवड्यांत समाजमाध्यमांवर जी भाषा वापरली गेली, ती दोन्ही बाजूंना शोभणारी नव्हती.

१७/
'सगळी मारून टाका' म्हणणाऱ्यांसाठी इतिहासाचा निर्वाळा स्पष्ट आहे. हा उपाय १८१३ च्या मुंबईने करून पाहिला. मद्रासने तर शंभराहून अधिक वर्षे केला. कुत्री कमी झाली नाहीत, म्हणूनच १९९० च्या दशकात मद्रास नसबंदीकडे वळले. २००१ मध्ये देशभरासाठी तसे नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्याने केले गेले. उघडा कचरा आणि मोकळी जागा कायम असेल, तर मारलेल्या कुत्र्याची जागा दुसरे घेते.

१८/
पण 'आम्ही प्राणिप्रेमी' म्हणणाऱ्यांनाही, म्हणजे माझ्यासारख्यांनाही, हाच इतिहास अडचणीत आणतो. रस्त्यावर बिस्किटांचा पुडा फोडणे ही माया आहे, तरतूद नव्हे. त्या कुत्र्याची नसबंदी झाली का? दरवर्षी लस कोण टोचून घेते? पहाटे झाडू मारायला येणाऱ्या बाईला, रात्री उशिरा सायकलवरून घरी परतणाऱ्या कामगाराला किंवा वस्तीतल्या पोराला ते चावले, तर उत्तर कोण देणार? आपल्या मायेचा खर्च ज्यांच्या पोटऱ्यांवर पडतो, ते बहुधा या वादात बोलायलाही नसतात.

१९/
हजारो रुपये मोजून विशिष्ट जातीचे पिल्लू विकत आणायचे, त्याचे वाढदिवस साजरे करायचे आणि घर बदलताना त्यालाच रस्त्यावर सोडून द्यायचे, हेही याच शहरांत घडते. दुसरीकडे, गल्लीतल्या पाच कुत्र्यांची नसबंदी पदरमोड करून करून घेणारी, त्यांच्या लसींच्या तारखा वहीत टिपून ठेवणारी साधी माणसेही येथेच आहेत. १८३४ च्या त्या व्यापाऱ्यांचे खरे वारसदार मी या वहीवाल्यांना मानेन.

२०/
म्हणून माझे मत थोडक्यात असे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नसबंदी, लसीकरण आणि निवारे यांसाठी किती रक्कम आहे आणि त्यातली किती खर्च होते, हे आपण विचारायला हवे. कुत्र्यांतील रेबीज आटोक्यात ठेवण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. आपल्या प्रभागात हे प्रमाण किती, हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्याजोगा आहे. ज्या सोसायट्यांत उद्वाहनाच्या दुरुस्तीसाठी दरमहा वर्गणी निघते, तेथे दारातल्या कुत्र्यांसाठी छोटासा 'लागा' बसवणे अशक्य नाही.

२१/
आणि एक व्यावहारिक सूचना, मताशी संबंध नसलेली. कुत्रे चावले वा नख लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज जवळजवळ नाही. १८३२ च्या मुंबईकराकडे ही सोय नव्हती, आपल्याकडे आहे.

२२/
थ्रेड येथे थांबवते. तुमच्या गावात जुनी पांजरापोळ, जनावरांसाठी बांधलेला दगडी हौद किंवा एखाद्या इमानी कुत्र्याची समाधी असेल, तर प्रतिसादांत जरूर सांगा. त्या जागेची देखभाल आज कोण करते आणि त्यासाठी पैसा कोठून येतो, हेही ठाऊक असेल तर अवश्य लिहा.