दिवा लागला ना?

माझा राग विजेवर नाही. वीज बिचारी दाखवलेल्या वाटेनं जाते. माझा राग आहे तो शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवून हिंडणाऱ्या गृहस्थांवर. पेनाच्या शेजारी पेनासारखाच ऐटीत बसलेला तो टेस्टर दिसला की मी ओळखतो, या गृहस्थांच्या घरात एक तरी बटण असं आहे, जे दाबायच्या आधी त्यांची बायको पायात चप्पल घालते.

नव्या इमारतीत ही मंडळी तशी निरुपद्रवी असतात. तिथं सगळ्या तारा भिंतीच्या पोटात, नळीतून गेलेल्या. हात घालणार कुठं? यांचा खरा पराक्रम जुन्या घरात. आमचं साताऱ्याचं घर तसं आहे. मातीच्या भिंती, वर कौलं, आणि भिंतीवरून लाकडी पट्ट्यांवर क्लिपा ठोकून नेलेलं वायरिंग. काळी गोल बटणं, चिनी मातीचे फ्यूज. तारांवर रबर आणि रबरावर सुती वेष्टन. ते रबर आता इतकं वाळलंय की बोट लावलं तर जुन्या लेजरच्या पानासारखा त्याचा भुगा होतो. अशा घरात कुठली तार कुठून कुठं जाते हे फक्त ती ओढणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तो केव्हाच वर गेलेला असतो. (शॉकनं नव्हे, वयानं.)

आमचे मेव्हणे या टेस्टरपंथाचे. दिवाळीला आले की फराळाआधी स्टूल मागतात. ''आपलं आपण करावं, दाजी. वायरमन आधी चहा पितो, मग पाचशे रुपये घेतो,'' असं म्हणत ते बोर्ड उघडतात, दोन तारांना पीळ देतात, चिकटपट्टी गुंडाळतात, बटण दाबतात. बल्ब पेटतो. मग स्टुलावरूनच मागं वळून, क्रिकेटचा सामना जिंकल्यासारखे विचारतात, ''लागला ना दिवा?''

या प्रश्नाशीच माझं भांडण आहे.

भात कच्चा राहिला तर दाताखाली कळतं. शिंप्यानं बाही उलटी लावली तर हात वर जात नाही. नळाचं काम चुकलं तर पाणी आपणहून बाहेर येऊन सांगतं. विजेचं काम बरोबर झालं तरी दिवा लागतो आणि चुकलं तरी तेवढाच लख्ख लागतो. दिव्याला कुणाची बाजू घेता येत नाही.

एक साधं उदाहरण घ्या. बटण फेजच्या तारेवर असावं लागतं. मेव्हण्यांनी ते न्यूट्रलवर बसवलं, तर बटण दाबल्यावर दिवा लागेल, बंद केल्यावर विझेल. तक्रारीला जागाच नाही. पण दिवा विझलेला असताना होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच बसून असतात. मग कधीतरी घरातली बाई बल्ब बदलायला स्टुलावर चढते. शहाणी असते, बटण आधी बंद करते. आणि बंद केलं म्हणूनच निर्धास्त हात घालते.

जुन्या बोर्डांवर याहून एक गंमत असते. फेजला एक फ्यूज, न्यूट्रलला एक. न्यूट्रलचा उडाला की घरभर अंधार, पण तारांमधली वीज जागच्या जागी. उलट न्यूट्रलची तारसुद्धा चालू राहिलेल्या बल्बातून फिरून जिवंत होते. मेव्हणे मेणबत्ती घेऊन आत शिरणार, आणि खिशातला टेस्टर लावायचं नेमकं तेव्हाच त्यांना सुचणार नाही. लाइट नाहीये, शॉक कशाचा बसणार? न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज ठेवायला १९५६च्या वीज नियमांपासूनच मनाई आहे. आमच्या बोर्डानं ते नियम वाचलेले नाहीत.

आता फ्यूजचीच गोष्ट निघाली म्हणून. फ्यूज म्हणजे बँकेतला तो खडूस पासिंग ऑफिसर. खात्यात पैसे नसले की चेक परत. कितीही ओळख काढा. पाच अँपिअरच्या लाइनवर दोन किलोवॅटचा गीझर लावला (मी कॉमर्सचा असलो तरी भागाकार येतो, २००० भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास) तर तो आज ना उद्या स्वतः वितळतो आणि घर वाचवतो. यावर मेव्हण्यांचा उपाय ठरलेला. जुन्या इस्त्रीच्या वायरीतले चार-पाच तांब्याचे धागे घ्यायचे, पिळायचे, फ्यूजमध्ये बसवायचे. ''आता उडतो का बघा!'' खरंच उडत नाही. आता तापते ती मागची तार, वाळक्या रबराची, लाकडी पट्टीवरची, पट्टीच्या वर वासे आणि वाशांच्या वर कौलं. खडूस माणसाची बदली करून मिळेल तो चेक पास करणारा आणला, की गिऱ्हाईक काही दिवस फार खूश असतं.

पण माझा जीव खरा अडकलाय तो तिसऱ्या भोकात. प्लगाची ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. मेव्हणे म्हणतात, ती कंपनीवाले शोभेला देतात. जुन्या घरांत ही तिसरी तार बऱ्याचदा नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असायची. पाइप जमिनीत जायचा, बरं चाललं होतं. मग पाइप गंजला, प्लंबरनं प्लॅस्टिकचा टाकला, आणि त्याच्या अलीकडच्या तुकड्याला ती तार आपली इमानानं धरून राहिली. दिवे लागतच होते. गीझर तापतच होता. अर्थिंग गेलं हे घरात कुणालाही कळायचं काही कारण नव्हतं.

तुम्ही म्हणाल, फ्यूज आहे ना? फ्यूजचा जन्म तारेसाठी, माणसासाठी नव्हे. माणसाला वाचवायला आता जे आरसीसीबी नावाचं यंत्र बसवतात, ते ३० मिलिअँपिअर गळतीवर बंद पडतं. हा आकडा किती लहान? पूर्वी देवघरात लाल 'झिरो'चा बल्ब असायचा. तो नावाला झिरो, खायचा पंधरा वॅटच्या आसपास. म्हणजे ६५ मिलिअँपिअर. त्याच्या निम्म्याहून कमी. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, १६६ पट वाट बघत बसेल तो. हे यंत्रही मेव्हण्यांच्या एका मित्रानं बसवून पुन्हा काढून टाकलं. सारखं पडतं म्हणे! अहो, सारखं पडतं म्हणजे सारखी गळती आहे. कुत्रं भुंकतं म्हणून त्याला सोडून दिलं आणि चोर आत राहू दिला.

वायरमनही काही धुतल्या तांदळाचे नसतात, हे मला मान्य आहे. पण आयटीआयमधून तारतंत्रीचा किंवा वीजतंत्रीचा कोर्स केलेले, परवाना असलेले लोक मिळतात, नाही असं नाही. कायद्यानंही आपले हात अगदीच बांधलेले नाहीत. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदला, मात्र त्यानं वायरिंगची क्षमता आणि 'कॅरॅक्टर' बदलता कामा नये. सरकारला कुणाच्या तरी चारित्र्याची काळजी आहे हे वाचून मला भरून आलं.

आमच्या बँकेत एक एंट्री करतो, दुसरा ती तपासतो. इतकी वर्षं नोकरी करूनही पाचशे रुपयांचं व्हाउचर मी एकट्याच्या सहीनं पास करू शकत नाही. मला त्याचा कधी अपमान वाटला नाही. मेव्हणे स्वतः करतात, स्वतःच पास करतात, आणि ऑडिटला बसते त्यांची बायको. ओल्या पायांनी, न्हाणीघरात. स्वतः ते रबरी चपला घालून हिंडतात आणि कुठलं बटण चावतं हे त्यांना पाठ आहे. पाहुण्याला नसतं, भांडी घासणाऱ्या बाईंना नसतं, लहान पोराला नसतं. त्यांच्या घरात नव्या सुनेला कुळाचारांबरोबर सांगितलं होतं, ''फ्रिजला अनवाणी हात लावायचा नाही.'' आणि ती बिचारी ते सोवळ्यातलं समजून पाळत होती.

मी त्यांना एवढंच विचारलं, ''पाव्हणं, तुमच्या टेस्टरनं तारेत फेज आहे हे कळतं. अर्थिंग आहे का, हे कळेल? तारेचं रबर गळतंय का, हे?'' त्यासाठी मेगर नावाचं यंत्र लागतं, आणि ते खिशाला अडकवता येत नाही. मेव्हणे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या हिनं परवाना असलेला तारतंत्री बोलावला. त्यानं मेगर लावला, मान हलवली, चहा घेतला आणि सगळ्या घराचं वायरिंग बदलण्याचा आकडा कागदावर लिहून दिला. तो बघूनही शॉक बसतो, नाही असं नाही. पण त्याचे हप्ते पाडता येतात.