पेढी आणि कायदा : ‘कोणाला कळू देऊ नका’

तालुक्याच्या गावी, भर बाजारपेठेत तीन पिढ्यांची एक पेढी आहे, असे समजावे. दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकावे म्हणून वडील घरी आले आहेत आणि गादीवर थोरला मुलगा बसला आहे. वडील पानावर बसतात तोच दिवाणजींचा फोन येतो. दोन गाड्या आल्या, चार-पाच माणसे उतरली, ‘थोडी चौकशी करायची आहे’ म्हणाली आणि भाऊंना बरोबर घेऊन गेली. क्षणभर घर स्तब्ध होते. मग वडिलांच्या तोंडून पहिले वाक्य निघते, “कोणाला कळू देऊ नका.”

दुकान लगोलग वाढवले जाते. शेजारच्या दुकानदाराला ‘तो बाहेरगावी गेला’ असे सांगितले जाते. सूनबाई माहेरी फोन लावू पाहते, तर तिला थांबवले जाते. वकिलांचे नाव निघते. पण वकीलही गावातलेच, उद्या चार ठिकाणी बोलणे होईल, म्हणून तेही राहून जाते. रात्र अशीच सरते.

पेढी कल्पित आहे. ते वाक्य मात्र कित्येक घरांत उच्चारले गेले असेल. व्यापाऱ्याची पत हे त्याचे पहिले भांडवल असते. एका अफवेने उधारी बंद होते, जमत आलेली सोयरीक मोडते. त्यामुळे लपवण्याची ही ओढ समजण्याजोगी आहे. तथापि अटकेविषयीचा कायदा नेमका याच्या विरुद्ध पायावर उभा आहे. अटक झालेल्या माणसाचे रक्षण व्हावे म्हणून त्याने जी जी व्यवस्था केली आहे, ती जवळजवळ सगळी एका क्रियापदात सामावते : कळवणे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट वाचता येईल अशी ओळख असली पाहिजे. अटकेचा लेखी मेमो झाला पाहिजे, त्यावर घरच्या एखाद्या व्यक्तीची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी आणि अटक झालेल्याचीही सही हवी. कलम ४८ सांगते की, अटक झाली आहे आणि माणूस कोठे ठेवला आहे, हे त्याच्या नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या व्यक्तीला ताबडतोब कळवावे, कोणाला कळवले त्याची नोंद ठाण्यातील वहीत करावी. आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांनी हे खरोखर घडले की नाही याची खातरजमा करावी. या नियमांचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातील डिसेंबर १९९६ च्या निकालात आहे. कोठडीत माणसे मरत होती आणि ती कोठे आहेत हे घरच्यांना ठाऊक नसे, त्या अनुभवातून हे नियम आले. ज्याच्याविषयी बाहेर कोणाला तरी माहीत आहे, त्याला हात लावताना माणूस विचार करतो, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

म्हणून वर कल्पिलेल्या घराने करायचे पहिले काम म्हणजे दोघांनी मिळून त्या ठाण्यावर किंवा कार्यालयात जाणे आणि शांतपणे एकच प्रश्न विचारणे : “यांना अटक केली आहे का?” हा प्रश्न पुष्कळांना उद्धट वाटतो. तो उद्धट नाही, कारण पुढचे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. नुसत्या नोटिशीवर बोलावले असेल, तर चौकशी संपताच माणसाला परत जाता येते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. तिची गरज का भासली याची कारणे अधिकाऱ्याने नोंदवावी लागतात. गरज नसेल तेथे कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, आणि ती पाळणाऱ्याला विशेष कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. नोटीस आली की गावाला निघून जाणे हा म्हणूनच सर्वांत वाईट सल्ला होय. नोटिशीकडे पाठ फिरवून माणूस स्वतःच अटकेचे कारण तयार करून देतो.

अटक झाली असेल, तर घड्याळ सुरू होते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केलेच पाहिजे. हे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाचे वचन आहे. त्यामुळे मेमोवरील तारखेइतकीच वेळ महत्त्वाची. जो व्यापारी पावतीवरचे वजन चष्मा लावून दोनदा वाचतो, तोच या कागदावर न वाचता सही करतो, ही आश्चर्याची गोष्ट आहे. दुपारी चारला नेलेल्या माणसाच्या कागदावर रात्री अकराची वेळ पडली असेल, तर सहीजवळ आपल्या हाताने ‘दुपारी चार वाजता दुकानातून आणले’ असे लिहावे. न्यायालये शेवटी माणसाचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात केव्हा हिरावले गेले हे पाहतात, आणि ते दाखवायला कागद लागतो.

अटकेची कारणे लेखी मिळणे हा आता पक्का हक्क झाला आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतील एका वाहन-अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालील असो, कारणे लेखी दिली पाहिजेत आणि तीही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. अपवादात्मक प्रसंगी ती आधी तोंडी सांगितली, तरी न्यायालयापुढे कोठडीसाठी उभे करण्यापूर्वी किमान दोन तास ती लेखी हातात पडली पाहिजेत. ज्याचा सारा व्यवहार मराठीत किंवा गुजरातीत चालतो, त्याच्या हाती इंग्रजी कागद देऊन भागत नाही.

व्यापाऱ्याच्या बाबतीत दारात उभा असलेला माणूस अनेकदा पोलीस नसतो. तो वस्तू व सेवा कराचा अधिकारी असतो. येथे फरक नीट ध्यानात घ्यावा. या कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली अटक होते ती मुख्यतः मालाशिवाय बिले फाडणे, बिलाशिवाय माल देणे, खोट्या बिलांवर कराची वजावट घेणे, किंवा ग्राहकाकडून घेतलेला कर तीन महिन्यांनंतरही न भरणे यांसाठी, आणि रक्कम दोन कोटींच्या वर असेल तर. पाच कोटींपर्यंत गुन्हा जामीनपात्र असतो, त्यापुढे अजामीनपात्र. विवरणपत्रातील चूक किंवा व्याजाचा वाद एवढ्यावरून कोणाला अटक होत नाही. लहान व्यापारी मात्र समन्स पाहूनच अर्धमेला होतो, आणि त्या भीतीचा फायदा घेणारेही असतात.

त्या भीतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे झडती चालू असतानाच कानावर येणारे शब्द : ‘आत्ताच भरून टाका, नाहीतर…’ केंद्रीय मंडळाने २५ मे २०२२ च्या सूचनेने झडतीच्या वेळी अशी वसुली करू नये असे आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे. २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील अटकेचा अधिकार कायम ठेवला; परंतु फौजदारी प्रक्रियेतील संरक्षणे येथेही लागू आहेत, गुन्हा नोंदला जाण्यापूर्वीही अटकपूर्व जामीन मागता येतो, आणि धाक दाखवून कर भरून घेतला असेल तर परताव्यासाठी न्यायालयात दाद मागता येते, असेही सांगितले. ज्याला आपली बाजू खरी वाटते, त्याने रात्री दोन वाजता घाबरून धनादेश लिहू नये. ज्याला आपली चूक माहीत आहे, त्यानेही सल्लागाराशी बोलल्यावरच भरावे.

जबाबाचेही तसेच. पोलिसांपुढील जबाबावर सही घेता येत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली त्या माणसाविरुद्ध पुरावा ठरत नाही. करअधिकारी पोलीस नव्हेत. त्यांच्यापुढे सहीनिशी दिलेला जबाब पुढे वापरला जाऊ शकतो. समन्सवर हजर राहणे आणि खरे सांगणे बंधनकारक असते. म्हणून प्रत्येक पान वाचावे, जे बोललो नाही ते खोडायला सांगावे, आणि जे आठवत नाही त्याला ‘वह्या पाहून सांगतो’ एवढेच उत्तर द्यावे. पोलीस चौकशीत आवडीच्या वकिलास भेटण्याचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणी संचालनालयाच्या एका प्रकरणात ६४ वर्षांच्या गृहस्थाचा जबाब मध्यरात्रीनंतरही चालू ठेवल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, असे म्हटले. रात्री उशीर झाला, थकवा आला, तर ‘उरलेले उद्या सांगतो’ अशी विनंती लेखी करावी. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा किंवा उकळलेले पाणीच पिण्याचा नियम असेल, तर तोही संकोच न करता आधीच सांगावा. कोठडीतील माणसाच्या प्रकृतीची वाजवी काळजी घेणे हे कोठडीत ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि घरचे जेवण व औषधे यांसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पहिल्याच दिवशी अर्ज करता येतो. तो मंजूर होईलच असे नाही. पण न मागता काहीच मिळत नाही.

घरातील स्त्रियांविषयी स्वतंत्र सांगणे भाग आहे. करसोयीसाठी पेढी सूनबाईच्या नावावर करण्याची आणि तिला कोऱ्या धनादेशांवर सह्यांपुरते विचारण्याची रीत कित्येक घरांत आहे. प्रसंग आला की नोटीस तिच्या नावाने येते, आणि तिला मालकीण असण्याचा अर्थ त्या दिवशी कळतो. ही रीत चांगली नाही, एवढे म्हणणे पुरे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच झाला, तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. तिची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. साक्षीदार म्हणून माहिती हवी असेल, तर स्त्रियांना आणि साठीपुढील पुरुषांना पोलिसांनी ठाण्यावर बोलवायचे नसते, घरी येऊन विचारायचे असते.

दिवाणजींनाही हे सारे हक्क आहेत. बिलांवर सही त्यांची, म्हणून अनेकदा पहिला हात त्यांच्यावर पडतो. पेढीचा वकील तोच त्यांचा वकील, हे सोयीचे वाटते. पण मालकाचा आणि नोकराचा बचाव वेगळा असू शकतो. खर्च पेढीने करावा आणि वकील त्यांना त्यांचा निवडू द्यावा. पैशांअभावी वकील करता येत नसेल त्याला विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे.

काय करू नये, ते थोडक्यात सांगता येते. धक्काबुक्की करू नये. अटक बेकायदा वाटली तरी तिचा प्रतिकार न्यायालयात करायचा असतो, दुकानाच्या पायरीवर नव्हे. वह्या हलवू नयेत, मोबाइलमधील संदेश पुसू नयेत. मूळ प्रकरण किरकोळ निघाले तरी पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा मागे लागतो. झडतीचे चित्रण करणे नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. ते होते आहे का, हे विनयाने विचारावे. आणि ‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला उंबऱ्यातूनच परत पाठवावे. लाच देणे हाही गुन्हा आहे, आणि देणाऱ्याजवळ नंतर ना पैसा उरतो, ना तक्रार करण्याचे तोंड. कोणी मागितलीच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

‘कोणाला कळू देऊ नका’ हेच वाक्य आता ठगही वापरू लागले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना, वयाच्या ८२ व्या वर्षी, तथाकथित ‘डिजिटल अटकेत’ ठेवण्यात आले. कॅमेऱ्यासमोर बनावट अधिकारी होते, सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी होती, बनावट आदेश होता, आणि कोणाशीही बोलायचे नाही अशी ताकीद होती. सात कोटी रुपये गेले. पुढे पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले. देशातील नामांकित उद्योगपती फसू शकतो, तेथे इतरांनी स्वतःला शहाणे समजू नये. फोनवरून किंवा चित्रफितीवरून अटक करण्याची तरतूद भारतात कोणत्याच कायद्यात नाही. अटक म्हणजे देहाची अटक. मेमो, साक्षीदार आणि नातेवाइकाला निरोप यांशिवाय ती होत नाही. फोनवरचा माणूस ‘घरी सांगू नका’ म्हणाला, की तो पोलीस नाही, हे ओळखावे. फोन बंद करून १९३० वर तक्रार करावी.

आता पुन्हा त्या कल्पिलेल्या घराकडे. सकाळ झाली आहे, वडील वकिलांना घेऊन न्यायालयात आले आहेत आणि मुलाला आत आणले जाते. न्यायदंडाधिकारी त्याला विचारतात, “काही तक्रार आहे का? मारहाण झाली का?” बाजारात वाढलेल्या मुलाला सवय असते ‘नाही, सगळे ठीक आहे’ म्हणण्याची, शिवाय ज्यांच्याबरोबर परत जायचे, ते मागेच उभे असतात. या प्रश्नासाठी जेमतेम एक मिनिट मिळते. केव्हा नेले, कारणे लेखी दिली की नाही, घरी कळवले की नाही, औषध मिळाले की नाही, मारले असेल तर कोठे, हे त्याच मिनिटात आणि ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे असते. म्हणजे ते रोजनाम्यात उतरते.