आधी बाग, मग पेला

एजियन समुद्रातील सांतोरिनी हे ग्रीक बेट क्रूझच्या वेळापत्रकात बहुधा एकाच दिवसाचे असते. कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीचे मुख खचून समुद्राच्या पाण्याने भरलेल्या विस्तीर्ण खळग्यात, मोठ्या जहाजांना लागण्याजोगा धक्का नसल्याने प्रवाशांना टेंडरने, अर्थात लहान बोटींनी, किनारा गाठावा लागतो आणि त्यातच सकाळचा बराच वेळ जातो. उरलेल्या तासांत द्राक्षबागेची सहल बसवताना मराठी सहल आयोजक बागेला दहा मिनिटे आणि वाइनच्या चाखणीला तास देतात, ही वाटणी उलट व्हायला हवी.

कारण या बेटाचे खरे वैभव त्या रानात आहे. येथे मांडव नाही, तारा नाहीत. वेल जमिनीलगत गोल वळवत टोपलीसारखी विणतात, ज्या पद्धतीला कुलूरा म्हणतात, आणि द्राक्षघड त्या टोपलीच्या आत, उन्हाळी वाऱ्याच्या माऱ्यापासून सुरक्षित वाढतात. पाऊस अत्यल्प असला तरी सच्छिद्र ज्वालामुखीय माती रात्रीच्या धुक्यातील ओलावा धरून ठेवते. याच मातीत चिकणमाती जवळजवळ नसल्यामुळे फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड, जिने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या, येथे तग धरू शकली नाही आणि असिर्तिको जातीच्या वेली आजही कलमाशिवाय स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. नाशिक वा तासगावच्या ज्या बागायतदाराचे आयुष्य खुंट, कलम आणि एप्रिलच्या खरड छाटणीत गेले, त्याला हे दृश्य कोणत्याही पेल्यापेक्षा अधिक काही देऊन जाते. विनसांतो ही गोड वाइन करण्यासाठी द्राक्षे सुमारे दोन आठवडे उघड्या उन्हात पसरून वाळवतात; बेदाण्यासाठी शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत द्राक्षे सुकवणारा सांगलीकर तेथे प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि मद्य न घेणाऱ्या सहप्रवाशांनाही त्या संवादात बरोबरीचे स्थान मिळेल.

म्हणून स्थानिक एजंटाशी करार करताना किती प्रकारच्या वाइन मिळणार याआधी बागेत कोण बोलणार हे ठरवून घ्यावे. चाखणी करवणारा कर्मचारी नव्हे, तर छाटणीची कात्री हाती धरणारा माणूस मागावा. काढणी साधारणतः ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे सप्टेंबरअखेरच्या सहलीच्या माहितीपत्रकात घडांनी लगडलेल्या वेलीचे छायाचित्र छापणे ही प्रवाशांची फसवणूकच ठरते.

वेळेचा हिशेब मात्र निष्ठुरपणे करावा लागेल. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते, खासगी सहलीसाठी थांबत नाही. शिवाय फिरा गावातून जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या केबल कारची रांग दुपारनंतर फार लांबते, तेव्हा शेवटच्या टेंडरआधी पुरेशी सवड हवीच. बेटावरील गर्दीला आळा घालण्यासाठी 2025 पासून क्रूझ प्रवाशांची दैनिक मर्यादा 8,000 ठेवण्यात आली असून ऐन हंगामात माणशी 20 युरो शुल्कही लागू झाले आहे. पर्यटनासाठीच्या बांधकामांनी बागांची जमीन वर्षानुवर्षे गिळली आहे, आणि हा व्यवसाय त्याला अंशतः जबाबदार असल्याने, बागायतदाराच्या वेळेचे मोल चाखणीच्या दरात न दडवता करारात वेगळे दाखवून त्यालाच थेट द्यावे.