सामू बिघडला नव्हता, आपली मोजायची रीत बिघडली होती

आज जरा कडू बोलतो.

शेततळ्यातल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, जरा हलला की आपण काहीतरी ओतायला धावतो. विकणारा टपलेलाच असतो. मीही धावलोय, म्हणून बोलतोय.

मागल्या भाद्रपदात पाऊस उघडला, कडक ऊन पडलं, तळं हिरवंगार. सकाळी सहाला पट्टी बुडवली, ६.८ आला. दुकानदाराला फोन लावला. "पाणी आंबट झालंय, चुना टाका." किती वाजता मोजलं, हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन पोती चुनकळी टाकली. दुपारी पट्टीचा रंग तक्त्याच्या बाहेर! दुसऱ्या दिवशी रोहू-कटल्याची बोटुकली पोटं वर करून काठाला लागलेली.

झालं काय होतं? हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साईड खातं, सामू चढतो. रात्री शेवाळ, मासे, गाळ सगळेच श्वास सोडतात, सामू उतरतो. पहाटे सगळ्यात कमी, दुपारी तीन-चारला सगळ्यात जास्त. ही रोजची भरती-ओहोटी आहे, रोग नाही. माझं तळं प्लास्टिक अस्तराचं, पावसाच्या पाण्यानं भरलेलं. त्याला मातीचा स्पर्श नाही, म्हणून अल्कलिनिटी कमी, म्हणजे सामू धरून ठेवणारी ताकदच नाही. त्यात वरून चुनकळी. आणि सामू चढला की पाण्यातला अमोनिया विषारी रूप घेतो. माशांना पाणी आंबट झाल्यानं नाही, माझ्या औषधानं मारलं.

पोरीच्या काचेच्या टाकीतही तेच नाटक. बोअरचं ताजं पाणी ७.१, तेच बादलीत रात्रभर ठेवलं तर ८. जमिनीखालून आलेला वायू उडून गेला, बस्स. पण दुकानात तिला सामू उतरवायची बाटली विकत होते!

"दोनदा मोजायला वेळ कुठाय?" असं म्हणू नका. सहाला धारा काढता, तीनला चहा पिता ना? तेव्हाच बुडवा पट्टी. सोबत अल्कलिनिटीचं किट घ्या, ते मेलेल्या बोटुकलीपेक्षा स्वस्त पडतं. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर चुनखडीची भुकटी थोडी थोडी द्या. मासे असलेल्या तळ्यात चुनकळी नाहीच. आणि एका मापावर सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, "किती वाजताचं माप धरलंत, साहेब?" उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

आजचं माप : सकाळी ६ ला ७.४, दुपारी ३ ला ८.५. अल्कलिनिटी ८०. पाणी हिरवट, मासे खाद्याला वर येतायत. काही टाकलं नाही.