कर्नाळ्याचे ढग आणि संगणकाची भाषा

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागे पडले, की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. पावसाळ्यात तो ढगांत गडप होतो. डोंगरापाशी मुसळधार कोसळत असताना काही किलोमीटरवर रस्ते कोरडे असू शकतात. हवामानाच्या अंदाजापुढील खरा पेच हाच आहे.

अंदाजाचे गणित पृथ्वीवर चौकोनांचे जाळे कल्पून मांडले जाते. १२ किलोमीटरच्या जाळ्यात एक चौकोन १४४ चौरस किलोमीटरचा असतो. कर्नाळा अभयारण्य अवघे सुमारे १२ चौरस किलोमीटरचे! मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने हे जाळे ६ किलोमीटरवर आणले. मात्र, बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. साहजिकच आकडेमोड सुमारे आठपट वाढते.

ही आकडेमोड आता एकट्या वेगवान प्रोसेसरच्या आवाक्यातील नाही. उष्णता आणि विजेच्या खपामुळे २००४-०५ च्या सुमारास प्रोसेसरच्या वेगाची वाढ खुंटली. त्यानंतर उत्पादकांनी एकाच चिपवर अनेक ‘कोअर’ बसविण्याचा मार्ग धरला. पण कोअर वाढले म्हणून काम आपोआप वाटले जात नाही. भातलावणीला दहा माणसे लागली तर शेत लवकर उरकते. रोप तयार होण्यास लागणारे दिवस मात्र माणसे वाढवून कमी होत नाहीत. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एक करावा लागत असला, तरी कितीही कोअर जोडून वेग दहापटीपलीकडे जात नाही.

म्हणूनच समांतर कामाची वाटणी सहज सांगता येईल अशा भाषांचा शोध सुरू झाला. महाराष्ट्राला तो नवा नाही. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये साकारलेला ‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर चिपवर आधारलेला होता. याच चिपसाठी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीने ‘ऑकॅम’ ही समांतर भाषा घडविली होती. ट्रान्सप्युटर मागे पडला आणि ऑकॅमही. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेच्या प्रकल्पातून चॅपेल, एक्स-१० आणि फोर्ट्रेस या भाषा जन्मल्या. त्यांपैकी फोर्ट्रेसचे काम २०१२ मध्ये थांबले; चॅपेलचा विकास आजही सुरू आहे. हवामानाची बहुतेक प्रारूपे मात्र अद्याप १९५७ पासूनच्या फोर्ट्रानमध्येच आहेत. कोअरमधील कामाची वाटणी आणि निरोपांची देवाणघेवाण प्रोग्रॅमरला स्वतंत्रपणे लिहून द्यावी लागते.

कारण उघड आहे. अनेक वर्षे पडताळलेले लाखो ओळींचे प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरविणे खर्चाचे व जोखमीचे असते. यंत्र काही वर्षांत बदलता येते. प्रोग्रॅम पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

‘अर्क’सारखा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक २०२४ मध्ये पुण्यात आला, ही अभिमानाची बाब होय. परंतु त्याचे कोअर वाट पाहत बसले, तर ती क्षमता कागदावरच राहील. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. केवळ सूक्ष्म अंदाजाने अशी आपत्ती टळेल, असा दावा कोणी करू नये. तरीही कोणत्या डोंगरावर किती पाऊस पडणार, हे काही तास आधी कळण्याचे मोल अशा वाड्यांना अधिक आहे. यंत्रखरेदीइतकेच लक्ष समांतर प्रोग्रॅम लिहिणारी माणसे घडविण्याकडे दिले गेले, तरच हे मोल वसूल होईल.