वजनाच्या रकान्याशेजारी दृष्टीचाही रकाना हवा

क्षयरोगाच्या गोळ्या सुरू होतात त्या दिवशी रुग्णाला एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: लघवी लालसर-नारिंगी होईल, घाबरू नका. तो रंग रिफाम्पिसिनचा असतो, निरुपद्रवी असतो, आणि आधीच कानावर घातलेला असल्यामुळे रुग्ण भेदरून गोळ्या टाकून देत नाही. त्याच गोळीत इथॅम्ब्युटॉल नावाचे आणखी एक औषध मिसळलेले असते. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला ते क्वचित, पण कधी कधी कायमची इजा करते. डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत हे आहे, सरकारी मार्गदर्शक पुस्तिकांतही आहे. नाही ते रुग्णाशी होणाऱ्या संभाषणात आणि दर महिन्याच्या नोंदीत. रुग्णाचे वजन दर महिन्याला लिहिले जाते. त्याला तक्त्यावरची कितवी ओळ वाचता येते, हे लिहिण्याची रीत नाही. ही रीत सुरू करणे स्वस्त आहे, सोपे आहे आणि आता टाळण्यासारखे राहिलेले नाही, असे माझे म्हणणे आहे.

इथॅम्ब्युटॉल १९६१ साली अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले आणि त्याच दशकात त्याचा डोळ्यांवरचा परिणामही नोंदला गेला. म्हणजे यात नवीन शोध कसलाच नाही. हे औषध शरीरातील तांबे आणि जस्त पकडून ठेवते, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांना याच धातूंची गरज असते, आणि त्यांची उपासमार झाली की नसेचे तंतू मंदावतात, हे त्याचे आजवरचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांतले नजरेच्या मध्याकडून येणारे तंतू सर्वांत बारीक आणि ऊर्जेसाठी सर्वांत हावरे. त्यामुळे पहिला फटका त्यांनाच बसतो. वर्तमानपत्र वाचताना नेमके ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसट होते, आजूबाजूचे मात्र दिसत राहते. लाल रंग विटल्यासारखा वाटतो, लाल-हिरव्याची गल्लत होऊ लागते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. दोन्ही डोळे बहुधा बरोबरीनेच अधू होतात, त्यामुळे एका डोळ्याची दुसऱ्याशी तुलना करून शंका यावी, तीही सोय नाही. सुरुवातीच्या काळात नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून आत पाहिले तरी पडदा आणि नसेचे टोक निरोगीच दिसते. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन ते आठ महिन्यांच्या दरम्यान हे घडते. लवकर ओळखून औषध थांबवले तर अनेकांची नजर काही महिन्यांत बऱ्यापैकी परत येते. उशीर झाला तर ती परत येईलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे २०१७ नंतर अधिक गंभीर झाला, आणि तो झाला एका योग्य निर्णयामुळे. त्याआधी सरकारी कार्यक्रमात औषधे आठवड्यातून तीन दिवस दिली जात आणि नव्या रुग्णांचे इथॅम्ब्युटॉल पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपत असे. ही पद्धत अपुरी आहे, रोज औषध दिल्याशिवाय रोग उलटण्याचा आणि जंतू औषधांना दाद न देण्याचा धोका कमी होणार नाही, असे तज्ज्ञ सांगत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये नऊ महिन्यांच्या आत रोजच्या औषधोपचाराकडे वळण्याचे ठरले. ज्या पाच राज्यांत ही पद्धत आधी सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. नव्या पद्धतीत पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज घ्यायची असतात, आणि त्या तिनांत इथॅम्ब्युटॉल शेवटपर्यंत असते. त्याचे कारणही भक्कम आहे. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड हे मुख्य औषध चालत नसल्याचे आढळले. अशा देशात नंतरचे चार महिने रिफाम्पिसिनला एकट्याने लढायला सोडणे म्हणजे त्याच्याविरुद्धही प्रतिकार पोसणे. इथॅम्ब्युटॉल तिथे राखणदार म्हणून आहे. तेव्हा हे औषध काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण दोन महिन्यांचे औषध सहा महिने रोज द्यायचे ठरले, तेव्हा नजर तपासण्याची व्यवस्थाही त्या प्रमाणात वाढायला हवी होती. औषध वाढले, व्यवस्था होती तिथेच राहिली. भारतातील न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजीचे तज्ज्ञ आपल्या नियतकालिकांतून तेव्हापासून हेच सांगत आहेत.

धोका मात्रेवर अवलंबून असतो, आणि मात्रेचा हिशेब जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. रोज प्रत्येक किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम औषध दिले तर नसेला इजा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी, २५ मिलिग्रॅमला पाच-सहा टक्के आणि ३५ च्या वर गेले तर १८ टक्क्यांपर्यंत, असे जुन्या अभ्यासांच्या आधारे सांगितले जाते. आता सरकारी गोळी पाहा. एका गोळीत २७५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल असते आणि ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढ रुग्णाला रोज तीन गोळ्या मिळतात. ४९ किलोच्या माणसाला त्यातून किलोमागे १७ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर औषध जाते. ३५ किलोच्या बाईला मात्र साडेतेवीसच्या वर. वजनाचे गट पाडले की असे होणारच. प्रत्येकाला वेगळी गोळी बनवता येत नाही. पण परिणाम असा की त्या गटात जो सर्वांत खंगलेला, त्याच्या नसेवर सर्वांत जास्त भार. त्यात हे औषध बाहेर पडते ते मुख्यतः मूत्रपिंडांतून. मधुमेहाने मूत्रपिंडे कमकुवत झालेला किंवा डायलिसिसवर असलेला रुग्ण असेल तर तीच मात्रा त्याच्या रक्तात जास्त काळ साचून राहते. मधुमेह आणि क्षय ही जोडी आपल्याकडे किती नित्याची आहे, हे कोणत्याही फिजिशियनला विचारावे.

‘एवढ्या मोठ्या रोगात एवढा छोटा दुष्परिणाम,’ असा पहिला आक्षेप येतो. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात हजारी सुमारे २० रुग्णांच्या नजरेवर काही ना काही परिणाम झाल्याचे आणि हजारी दोन ते चार जणांच्या बाबतीत तो कायमचा राहिल्याचे दिसले. टक्केवारीत हे खरोखरच किरकोळ आहे. पण आपल्या देशात २०२३ या एका वर्षात क्षयाचे २५ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. हजारी दोन हा आकडा त्यांना ढोबळपणे लावला तरी वर्षाला पाच हजार होतात. प्रत्येकाला हे औषध मिळत नाही, प्रत्येक जण सहा महिने पूर्ण करत नाही, म्हणून यातून हवे तेवढे वजा करा. उरतात ती तरीही माणसेच, आणि त्यांतली बहुतेक कमावत्या वयाची. दवाखान्यात एका डॉक्टरला वर्षभरात एखादाच असा रुग्ण दिसतो, म्हणून त्याला हे दुर्मीळ वाटते. राष्ट्रीय कार्यक्रमाला तसे वाटून चालत नाही.

याहून वजनदार आक्षेप भीतीचा आहे. क्षयाच्या उपचारात सर्वांत मोठी लढाई रुग्णाला सहा महिने गोळ्यांना बांधून ठेवण्याची असते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस धरते आणि माणूस गोळ्या सोडतो. अशात ‘डोळे जाऊ शकतात’ असे सांगितले तर अर्धे लोक पहिल्याच आठवड्यात पळतील, असे कार्यक्रमात राबणारे लोक म्हणतात. ही चिंता वरवरची नाही; औषध सोडलेला रुग्ण स्वतः मरतो आणि घरच्यांनाही रोग देतो. पण मग लघवीच्या रंगाचे काय? तिथे आपण उलटा अनुभव घेतला आहे. आधी सांगितलेला बदल रुग्णाला घाबरवत नाही, न सांगितलेला घाबरवतो. ‘अक्षरे धूसर दिसू लागली किंवा लाल रंग फिका वाटला तर त्याच दिवशी येऊन सांगा, गोळी बदलून देता येते,’ या वाक्यात धमकी कुठे आहे? उलट, काही न सांगता एखाद्याची नजर गेली तर ती बातमी वस्तीत पसरायला आठवडाही लागत नाही, आणि तिचा परिणाम दहा समुपदेशकांना पुसता येत नाही. कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांचा इतिहासही विसरू नये. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ती वर्षानुवर्षे दिली गेली, अनेकांचे कान गेले, आणि जीव वाचला ना, मग ऐकू येण्याचे काय घेऊन बसलात, असा एकंदर सूर होता. २०१८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना बाजूला सारून तोंडी औषधांची वाट धरली आणि भारतही त्याच वाटेने गेला. बरे होण्याची किंमत म्हणून एक ज्ञानेंद्रिय द्यावे लागू नये, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले.

राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावर नेत्रतज्ज्ञ कुठून आणणार? आणायचाच नाही. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना सांगतात ते अगदी साधे आहे: औषध सुरू करण्यापूर्वी एकदा नजर आणि रंगज्ञान तपासा, दर भेटीत लक्षणे विचारा, आणि मात्रा जास्त असेल, दोन महिन्यांहून अधिक काळ औषध चालणार असेल किंवा मूत्रपिंडे कमकुवत असतील तर दर महिन्याला तपासा. आपल्या नव्या पद्धतीतला जवळजवळ प्रत्येक रुग्ण या अटीत बसतो. त्यासाठी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, अक्षरओळख नसलेल्यांसाठी चारही दिशांना तोंडे केलेल्या ‘ई’चा तक्ता आणि रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेली इशिहाराची पुस्तिका एवढे पुरते. एकेक डोळा झाकून कितवी ओळ वाचली ते लिहायचे. आशाताई हे शिकू शकतात. शाळांतल्या नेत्रतपासणीत याहून वेगळे काही होत नाही. सुरुवातीची नोंद तर विशेष मोलाची, कारण चौथ्या महिन्यात रुग्ण ‘धूसर दिसतं’ म्हणाला तर पहिल्या दिवशी कसे दिसत होते, हे कुठेतरी लिहिलेले हवे. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र हा तक्ता वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आई-वडिलांनाच डोळे उघडे ठेवायला सांगावे लागेल. आणि तपासणी एका बाजूने होऊन भागणार नाही. नजर कमी झालेला माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो. तिथे नंबर वाढल्याचे सांगून नवा चष्मा मिळतो, आणि महिना निघून जातो. टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे तो तिथे सांगत नाही, कारण हा रोग लपवण्याचाच रोग आहे. म्हणून धूसर नजरेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला नेत्र विभागात आणि चष्म्याच्या दुकानातही एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. क्षयाच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश खासगी डॉक्टरांकडून नोंदले जातात. तिथला कागद सरकारी कार्डापेक्षा वेगळा असला तरी प्रश्न हाच हवा.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. समजा शंका आली, तपासणीत ती खरी ठरली, डॉक्टरांनी इथॅम्ब्युटॉल बंद करायचे ठरवले. पण ते सुटे नाही. तीन औषधे एकाच गोळीत आहेत. एक काढायचे तर उरलेली दोन वेगळी मिळाली पाहिजेत, आणि तालुक्याच्या भांडारात ती नसतील तर डॉक्टरांपुढे दोनच वाटा उरतात: नजर पणाला लावून तीच गोळी चालू ठेवणे, किंवा सगळे उपचार थांबवणे. दोन्ही चुकीच्या. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन यांचा इथॅम्ब्युटॉलविना थोडा साठा ठेवणे हा या तपासणीचाच भाग आहे. औषध काढल्याने उपचार लंगडा होईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर जंतूंच्या तपासणीत सापडते. गोव्यात तयार झालेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांमुळे रिफाम्पिसिन चालते की नाही, हे आता तालुक्याच्या गावीही काही तासांत कळते. आयसोनियाझिडचे उत्तर मिळायला वेगळी चाचणी लागते आणि ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. ते उत्तर वेळेत आले आणि दोन्ही औषधे चालतात असे ठरले, तर राखणदाराची गरजच उरत नाही. इथॅम्ब्युटॉल निर्धास्तपणे थांबवता येते. आज ते उत्तर अनेकदा उशिरा येते. डायलिसिसवरच्या आणि अगदी कमी वजनाच्या रुग्णांचे नमुने आधी तपासले, तर निदान ज्यांची नस सर्वांत धोक्यात आहे त्यांना वाट पाहावी लागणार नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या ज्या नव्या उपचाराला मान्यता दिली, त्यात लिनेझोलिड आहे, आणि तेही दृष्टीच्या नसेला आणि पायांच्या नसांना इजा करू शकते. त्या उपचारात डोळ्यांवर लक्ष ठेवणे आधीपासूनच अपेक्षित आहे. म्हणजे तक्ता विकत घेतला जाणारच आहे, कोणीतरी तो वापरायला शिकणारच आहे. त्याच खोलीत, त्याच भिंतीसमोर साध्या क्षयाच्या रुग्णालाही दर महिन्याला दोन मिनिटे उभे करायचे आणि वजनाशेजारी दोन आकडे लिहायचे, एवढेच शिल्लक आहे.